लॅसिक करणार आहेस ना, मग हे आधी वाच

अगं, लॅसिक म्हणजे लेझरने चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन. त्यात मशीन कुठलं ते नंतर विचार, आधी तपासणी नीट होतेय का बघ. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी आणि आकार मोजल्याशिवाय कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर सरळ उठून ये. कॉर्निया फार पातळ असेल किंवा नंबर अजून बदलत असेल, तर लॅसिक नकोच. तुझ्या सॉफ्ट लेन्स तपासणीआधी निदान आठवडाभर बंद ठेव, नाहीतर मापं चुकतात.

ऑपरेशन काही मिनिटांचं. थेंबांनी डोळा बधिर होतो, त्यामुळे दुखत नाही. पण कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा कापायला डोळ्यावर रिंग बसवून दाब देतात तेव्हा क्षणभर अंधारून येतं, आणि लेझर सुरू झाला की जळका वास येतो. तो येतोच, घाबरू नकोस.

त्या संध्याकाळी वाळू गेल्यासारखं खुपेल, पाणी येईल. झोप काढ. चोळायचं मात्र अजिबात नाही, कापलेला पापुद्रा सरकू शकतो. कोरडेपणा काही महिने राहतो, थेंब चुकवू नकोस. रात्री मांडवी पुलावर समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतील, तेव्हा सुरुवातीला पर्वरीहून रात्री स्कूटरने येणं टाळ. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मिरामारला समुद्रात उतरणंही बंद. आणि चाळिशीनंतरचा वाचायचा चष्मा यानं टळत नाही, हे घरच्यांनाही आत्ताच सांगून ठेव.