संगीताच्या तासाला ऑर्केस्ट्राची संकेतस्थळं

भाऊ, शाळेत व्हायोलिन नाही, चेलो नाही म्हणून पाश्चात्त्य वाद्यांची माहिती नुसती वाचून दाखवू नका. लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राच्या संकेतस्थळावरून वाद्यांचे सुटे स्वर मोफत डाउनलोड करता येतात. ते घरूनच मोबाइलमध्ये घेऊन जा. धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंजच्या भरवशावर तास घेऊ नये.

सुरुवात ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याने करा. चित्र न दाखवता स्वर ऐकवा आणि विचारा, आपल्याकडचं जवळचं वाद्य कोणतं? सनईपर्यंत पोरं पोचली की सांगा, दोन्हींत फुंकल्यावर थरथरून आवाज काढणारी दुहेरी पत्ती असते. मग क्लॅरिनेट ऐकवा. लग्नाच्या बँडमुळे ते पोरांच्या कानात आधीच बसलेलं असतं. त्याची पत्ती एकेरी. आवाजातला फरक त्यांनाच सांगू द्या, घाई करू नका. आणि नंदुरबारकडे असाल, तर पावरी हे आदिवासी फुंकवाद्य वाजवणारे कुणी आजोबा वर्गात बोलवाच. मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या डिजिटल संग्रहात वाद्यवृंदाचे संचालक (कंडक्टर) लेनर्ड बर्नस्टाईन यांच्या खुणा असलेल्या स्वरलिपी आहेत. त्या मोठ्या वर्गांना दाखवा. बर्लिन फिलहार्मोनिकच्या मैफलींना वर्गणी लागते, त्या तूर्त राहू द्या. मुंबईची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मात्र दाखवाच. २००६पासून असा वाद्यवृंद आपल्याच राज्यात आहे, हे पोरांना कळू दे.