घरातल्या हीटिंग बॉयलरखाली वॉशिंग मशीन ठेवलं तर चालतं का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडात भाड्याच्या घरात किचनच्या भिंतीवर गॅसचा हीटिंग बॉयलर आहे, त्याच्याखाली वॉशिंग मशीन आणि शेजारी फ्रिज ठेवायचाय, आणि बायको नको म्हणतेय.

चालतं. तिकडं कित्येक घरांत असंच असतं. पण तुमच्या मिसेसची शंका खुळी नाही.

उत्तर इथंच संपलं असतं. पण हाच दाखला आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू, तीन वर्षं झाली माझ्या तोंडावर फेकतायत. त्यांची लेक लेस्टरला असते. दोन महिने राहून आले आणि मोबाईलवर फोटो दाखवला. "हे बघ, बॉयलरच्या बरोब्बर खाली मशीन. साहेबाच्या देशात चालतं, आणि तू सोलापुरात बोंब मारत होतास."

मी सव्वीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेसिंगमध्ये बॉयलरवर होतो. सेकंड क्लासचं सर्टिफिकेट आहे. आमच्या बॉयलर हाऊसमध्ये डब्याची पिशवी टांगायची सोय नव्हती. अण्णा शाळामास्तर. त्यांचं म्हणणं, "तुझं ते स्टीमचं काम वेगळं, हे घर आहे."

आता घराचं सांगतो. पूर्वी आमच्या अंगणात तांब्याचा बंब होता. तो आत आणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण धूर दिसायचा, डोळे चुरचुरायचे. गॅस गिझर आला आणि थेट बाथरूममध्ये भिंतीवर बसला. नंतर वॉशिंग मशीन आलं. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. पाण्याचे बॅरल बाथरूममध्ये, ड्रेनेजही तिथंच, म्हणून मशीनही तिथंच. टेप लावून अण्णांनी गिझरच्या खालची जागा मापली. त्या भिंतीत जमिनीलगत गॅलरीकडे उघडणारी एक जुनी जाळी होती. मशीनची पाठ त्या जाळीला चिकटून बसली. वरच्या झरोक्याला कबुतरं येतात म्हणून आधीच प्लायवूड ठोकलेलं होतं. झालं, खोलीला हवा यायला दाराची फट तेवढी उरली.

मी तेव्हाच म्हणालो होतो. नुसतं म्हणालो, भांडलो नाही. थोरल्या भावाशी किती भांडणार?

वहिनींना दर सोमवारी चक्कर यायला लागली. सोमवारी त्यांचा उपवास. डोकं दुखायचं, मळमळायचं, मग त्या रिक्षाने सिद्धेश्वराच्या देवळात जायच्या आणि तळ्याच्या काठावर बसलं की बरं वाटायचं. घरात सगळ्यांचं एकच, उपवासाने पित्त होतंय. वहिनी म्हणायच्या, सिद्धरामेश्वराची कृपा. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू. सोमवारी त्या डोक्यावरून अंघोळ करतात, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं गिझर चालू, आणि तेही सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यावर, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग भोगी आली. गड्ड्याची जत्रा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची, बार्शीचे पाहुणे उतरलेले, सगळ्यांना देवाच्या लग्नाच्या अक्षतेला जायची घाई. थंडी म्हणून दारं बंद. एकामागून एक सात जणांच्या अंघोळी झाल्या आणि शेवटी वहिनी केस धुवायला गेल्या. बादली भरून वाहतेय, नळ कुणी बंद करेना, हाकेला ओ नाही. मी आणि पुतण्याने मिळून कडी तोडली. वहिनी मशीनला टेकून बसल्या होत्या, मान खाली. अंगणात आणून झोपवलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. अण्णा डॉक्टरांना सांगतायत, "उपवास फार करते हो." डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "गिझर गॅसचा आहे का?" अण्णा म्हणाले, "हो, पण चांगल्या कंपनीचा आहे."

त्या दिवशी सोमवार नव्हता. उपवास नव्हता. भोगीला कुणी उपवास करतं का? हे मी अण्णांना आजवर चार वेळा सांगितलंय.

वहिनी वाचल्या. दुसऱ्या दिवशी मी गिझरचं कव्हर काढलं. बर्नरवर टॉवेलची लव गादीसारखी बसलेली. अण्णा फॅक्टरीतून सेकंडचे, म्हणजे किरकोळ दोष असलेले नवे टॉवेल आणायचे, ते खालच्या मशीनमध्ये धुवायचे आणि गिझरच्या समोरच दोरीवर टाकायचे. नवा टॉवेल किती लव सोडतो ते सोलापूरकराला सांगायला नको. बर्नर खालून हवा ओढतो, हवेबरोबर लव. वरच्या पात्यांवर काजळी. ज्योत निळी पाहिजे, ती पिवळी जळत होती. कारखान्यात हवा कमी पडली की चिमणी काळा धूर सोडून चुगली करते. इथं तसं नाही. सिलेंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती कळते. पण गॅस अर्धवट जळून जो कार्बन मोनॉक्साइड होतो त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो.

आता अण्णांच्या फोटोचं. लेस्टरचा तो बॉयलर बंद पेटीचा आहे. पाईपात पाईप असतो, एकातून बाहेरची हवा आत येते, दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर जातो. किचनमधल्या हवेशी त्याचा संबंधच नाही. खाली मशीन ठेवा नाहीतर हत्ती बांधा, आग गुदमरत नाही. आमचा गिझर, ज्या खोलीत माणूस श्वास घेतो त्याच खोलीतली हवा खात होता आणि घाणही तिथंच टाकत होता. दोन्ही भिंतीवरचे पांढरे डबेच, म्हणून फोटोत सारखे दिसतात.

दुसरं, तुमच्याकडे पाईपचा नैसर्गिक वायू, तो हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. आमचा सिलेंडरचा एलपीजी जड, जमिनीवर साठतो. मशीनची मोटर आणि फ्रिजचा रिले, म्हणजे त्याची मोटर सुरू करणारा स्विच, ठिणगीच्या बऱ्याच जागा खालीच असतात. म्हणून जमिनीलगतची जाळी बुजवणं हा सोलापुरात दुहेरी गुन्हा आहे.

तुमचा बॉयलर जुना असेल आणि खोलीतली हवा घेणारा असेल, तर मात्र मी वर म्हटलेलं "चालतं" परत घेतो. त्या खोलीत एक्झॉस्ट फॅन किंवा बाहेर पाईप काढलेला कपडे वाळवायचा ड्रायर लावला की तो खोलीतली हवा ओढतो आणि बॉयलरचा धूर उलटा आत येऊ शकतो. कुठल्या जातीचा आहे ते घरमालकाला विचारा. त्याला दरवर्षी गॅसची तपासणी करून घ्यावीच लागते, कागदाची प्रत मागा. 1 ऑक्टोबर 2022 पासून इंग्लंडात भाड्याच्या घरात गॅसचा कुठलाही बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं मालकावर बंधनकारक आहे. नसेल तर भांडा. तो बॉयलरपासून एक ते तीन मीटरवर असावा. आणि मी काढलं तसं कव्हर तुम्ही काढू नका, तिकडं गॅस सेफची, म्हणजे तिथल्या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत, नोंदणी असलेलाच माणूस बोलवायचा.

मशीन पाईपांना टेकवू नका, स्पिनला हादरे बसतात. बॉयलरच्या पुढ्यात दुरुस्तीवाल्याला उभं राहायला जागा ठेवा, किती ते मॅन्युअलमध्ये असतं. बॉयलरमधून पाणी ठिबकलं तर ते खालच्या सॉकेटवर पडणार नाही एवढं बघा. थिनर, स्प्रेचे डबे तिथं नकोत. फ्रिजचं राहिलंच. त्याच्या मागे हवा खेळती ठेवा, गरम जागेत तो उगाच जास्त चालतो, एवढंच.

आमचा गिझर आता बाहेर गॅलरीत आहे. वहिनींना नंतर एकाही सोमवारी चक्कर आली नाही आणि उपवास चालूच आहेत. अण्णा पाहुण्यांना सांगतात, बाथरूममध्ये कबुतरांचा त्रास होता म्हणून हलवला.