एलियट स्मिथ ऐकून संपला, आता पुढे कोण?

प्रश्न : अमेरिकन गायक-गीतकार एलियट स्मिथचे सगळे अल्बम ऐकून झाले. तो २००३ मध्येच गेला. त्याच्यासारखं आणखी कोण आहे?

'सगळे' म्हणताना २००७ चा 'न्यू मून' धरलाय ना? तो अल्बम त्याच्या मृत्यूनंतर निघाला, म्हणून पुष्कळांचा राहून जातो.

आता 'त्याच्यासारखं' म्हणजे नेमकं कशासारखं, ते आधी ठरवा. १९९७ चा 'आयदर/ऑर' हेडफोन लावून पुन्हा ऐका. गाणारा एकच, पण आवाज दोन. तीच ओळ तो दोनदा गायचा आणि एकावर एक ठेवायचा. दोन्ही अगदी तंतोतंत बसत नाहीत. एखाद्या शब्दाचं टोक केसभर मागे रेंगाळतं. ती कानाशी आलेली कुजबुज तिथून येते. तीच हवी असेल तर फीबी ब्रिजर्स ऐका. तिच्या २०२० च्या 'पनिशर' अल्बमचं शीर्षकगीत एलियट स्मिथवरच आहे. तिच्यामागोमाग ज्युलियन बेकर आणि लूसी डेकस येतातच, कारण तिघींचा मिळून बॉयजीनियस हा बँड आहे. एकीला शोधायला गेलात की तिघी हाती लागतात.

पण तुम्ही त्याच्या चालींवर, कॉर्ड भलतीकडेच वळतात त्यावर भाळला असाल, तर नव्या नावांत शोधून फारसं मिळणार नाही. मागे जा, बिग स्टार या जुन्या बँडकडे. त्यांचं 'थर्टीन' हे गाणं एलियटने गायलंय, 'न्यू मून'मध्येच आहे. आणि त्याच्या जुन्या हीटमायझर बँडमधला सॅम कूम्स पुढे क्वासी या बँडमध्ये भेटतो. क्वासी जरा खडबडीत आहे, मला आवडतो.

प्रश्न : ॲप मला फिरून फिरून तीच चार नावं सुचवतं. काय करू?

ॲपच्या शिफारशी बऱ्याच अंशी 'हे ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं' या हिशेबावर चालतात. ज्याला मुळात ऐकणारेच थोडे, तो त्या हिशेबात येणार कसा? म्हणून ॲपमधला 'रेडिओ' (एका गाण्यावरून पुढची गाणी लावणारा) सुरू करताना गाजलेलं गाणं देऊ नका, अल्बममधलं आडबाजूचं द्या.

त्याहून चांगली जागा म्हणजे बँडकॅम्प, कलाकार आपलं संगीत विकतात ती वेबसाइट. तिथे अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी छोटी चित्रं दिसतात. एकावर टिचकी मारली की त्या माणसाचा अख्खा संग्रह उघडतो. तुमच्या आवडीचे दोन-तीन अल्बम ज्याच्याकडे सापडतील, त्याचं उरलेलं कपाट खुशाल उचकटा. माझा अर्धा संग्रह असाच जमलाय.

प्रश्न : लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, बघून ऐकण्यात अर्थ आहे का?

छोटं लेबल असेल तर आहे. मर्ज हे लेबल सुपरचंक बँडमधल्या दोघांनी १९८९ मध्ये काढलं. न्यूट्रल मिल्क हॉटेलचा १९९८ चा अल्बम त्यांचाच, आणि आर्केड फायरचा २००४ चा 'फ्यूनरल'ही. आवाजात साम्य शोधू नका. लेबलवरून निवडणाऱ्याचा कान कळतो, एवढंच.

प्रश्न : पिक्सीज बँडचा 'सर्फर रोझा' अल्बम मला फार आवडतो, पण पिक्सीजचेच पुढचे अल्बम तितके भिडत नाहीत. असं का?

कारण बहुधा तुम्हाला पिक्सीजइतकाच स्टीव्ह अल्बिनी आवडतो. १९८८ चा तो अल्बम त्याने ध्वनिमुद्रित केला. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला नुसते ड्रम वाजतात, तेवढेच ऐका. ड्रमबरोबर खोलीही ऐकू येते, कारण तो लांबवर ठेवलेल्या माइकमधून खोलीची घुमही पकडायचा. स्वतःला निर्माता (प्रोड्यूसर) म्हणवून घेणं त्याला आवडत नसे आणि रॉयल्टीही तो घेत नसे. पुढच्या अल्बमला तो नव्हता.

तेव्हा बँड सोडा, अल्बिनीचा माग काढा. १९९३ चे दोन अल्बम आधी घ्या : निर्वाणाचा 'इन युटेरो' आणि पीजे हार्वीचा 'रिड ऑफ मी'. हार्वीच्या अल्बमचं पहिलं गाणं सुरुवातीला इतकं दबक्या आवाजात आहे की हात आपोआप आवाज वाढवायला जातो. वाढवू नका.