नवस बाबांचा, पाय माझे

प्रश्न : ताई, मी मूळची गोव्यातल्या डिचोलीची. सात वर्षांपूर्वी आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि लिस्बनला आले. इथं एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते. गेल्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर बाबा गेले. मी घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आता आईकडून कळलं, की मी निघाले तेव्हा बाबांनी आमच्या कुळदेवाला, मंगेशाला नवस केला होता : पोर तिथं नीट पायांवर उभी राहिली, की तिला घेऊन कवळ्याहून चालत येईन आणि अभिषेक करीन. तो राहूनच गेला. येत्या जानेवारीत मला दहा दिवसांची रजा आहे आणि हे मला एकटीनं करायचंय. आईला गुडघ्यांमुळे चालवत नाही, भाऊ दुबईला. काका म्हणतात, एकट्या बाईमाणसानं कशाला, पुढच्या वर्षी सगळे मिळून जाऊ. आत्या म्हणते, तुझा पासपोर्ट आता परका, देवळात घेणार नाहीत. मला गोत्रापलीकडे काही येत नाही. जाऊ का?

उत्तर : जा, बाय. याच जानेवारीत जा.

काकांचं ‘पुढच्या वर्षी’ प्रेमापोटीच आहे, पण ते मी माझ्या घरी अकरा वर्षं ऐकलंय. माझ्या आईनंही असाच एक नवस केला होता. मी तेव्हा मस्कतला शाळेत शिकवत होते. कधी भावाला रजा नसायची, कधी मुलांच्या परीक्षा, कधी कुणाचं बाळंतपण. आई गेली आणि नवस तसाच राहिला. १९९२ साली मी एकटीच विमानात बसले आणि आले. नवस करणारं माणूस गेलं तर तो मुलांनी फेडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यात मुलगा-मुलगी असा फरक मी तरी मानत नाही. बाबांचं वर्षश्राद्ध झालंय, तेव्हा तोही अडसर नाही.

एकटीनं जाण्यात त्रास होतच नाही, असं मी सांगणार नाही. त्या वेळी मी ज्या अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, उतरायला गेले, तिथल्या माणसानं वही मिटली आणि म्हणाला, “एकट्या बायलेक आमी कूड दिना.” एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही. सोबत कोण, घोव खंय, म्हणजे नवरा कुठे, हेच दोन प्रश्न. मी बॅग घेऊन तळीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. दिवेलागण झाली. समोर फुलं विकणारी एक म्हातारी बाई केळीच्या दोऱ्यात अबोली ओवत होती. तिची बोटं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतली होती, पण एकही कळी मोडत नव्हती. काही न विचारता तिनं माझी बॅग आपल्या बाकड्याखाली सरकवली आणि शेजारच्या घरात माझ्या झोपण्याची सोय केली. तो नकार मला आजही लागतो. म्हणून सांगते, खोलीचं आधी पक्कं कर.

आता तुझ्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट आहे. परदेशी पासपोर्टचं माणूस मुक्कामाला आलं, की जागा देणाऱ्याला २४ तासांत ठरलेला फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं. पुष्कळ ठिकाणी ते करायला माणूस नसतो आणि मग सरळ ‘जागा नाही’ म्हणतात. तू डिसेंबरातच फोन कर, कुळावी, म्हणजे या देवाच्या कुळातले, आहोत हे सांग, पासपोर्टचीही कल्पना दे. पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) यांच्या दोन-दोन झेरॉक्स बॅगेत ठेव. ओसीआय काढलं नसेल तर व्हिसाचं आताच बघ. आणि एखादी बहीण, मैत्रीण फोंड्यात असेल तर तिच्याकडेच राहा, प्रश्नच मिटला.

आत्याला समजावून सांग. काही देवळांनी परदेशी पर्यटकांना आत सोडणं बंद केलं, ते त्यांच्या कपड्यांच्या आणि वागण्याच्या तक्रारींवरून. मंगेशाच्या कुळाव्यांची लेक पर्यटक होत नाही. दारात कुणी विचारलंच तर गाव आणि कूळ सांग. साडी नेस किंवा साधा सलवार-कमीज घाल.

बाबांनी कवळ्याहूनच का म्हटलं असेल, याचा मी तुझं पत्र वाचल्यापासून विचार करते आहे. ती वाट म्हणजे अख्खं अंत्रुज, आपला फोंडा महाल. कवळ्याची शांतादुर्गा मूळची साष्टीतल्या केळशीची, १५६६ साली तिथून हलवलेली. रामनाथ लोटलीचा. म्हाळसा वेर्ण्याची. मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, १५६० साली नदीपार आणलेला. पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा लोकांनी देव उचलले आणि त्यांच्या अमलाबाहेर, या डोंगरांच्या कुशीत आणून ठेवले. मधला नागेशी मात्र आपल्या मूळ जागी आहे. तिथं १४१३ सालचा शिलालेख आहे, तो थांबून बघ. मी इथं वाढले, पण हा इतिहास मला मस्कतला गेल्यावर भिडला. आमची सुट्टी तेव्हा गुरुवार-शुक्रवार. शुक्रवारी मी तिथल्या जुन्या शिवमंदिरात जायची आणि पिंडीवर पाणी घालताना मला हे मंगेशीचं तळं दिसायचं. गाव सुटलेल्या माणसाला गाव सुटलेला देव जवळचा वाटतो. तुझ्या बाबांच्या मनातही तू निघालीस तेव्हा असंच काहीतरी आलं असेल.

चालण्याचं असं कर. शनिवारी रात्री कवळ्याला मुक्काम आणि रविवारी सकाळी निघ. जानेवारीत उजेड उशिरा होतो, उजाडल्याशिवाय रस्त्यावर पाऊल ठेवू नकोस. शांतादुर्गेचं दर्शन, मग रामनाथी, बांदोड्याला नागेशी आणि महालक्ष्मी, तिथून फर्मागुडीला गोपाळ गणपती. इथपर्यंत सावली आहे, माडबागायती आहेत, वाट गोड आहे. फर्मागुडीनंतर मात्र फोंडा-पणजी हमरस्ता. त्या पट्ट्यात वाहनांचा फार जाच होतो, तेव्हा समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं चाल आणि कानात काही घालू नकोस. मग म्हार्दोळची म्हाळसा आणि लगेच मंगेशी. सगळं मिळून दहा-बारा किलोमीटर होईल. देव करत, पाणी पीत गेलीस तर दुपारच्या आत पोचशील. पायताण घालून चाल. अनवाणी चालायचं बाबा बोलले नव्हते, तू आपल्या मनानं नवस वाढवू नकोस. आठवडाभर आधी लिस्बनलाही रोज तासभर चालत जा, दिवसभर ओट्यापाशी उभं राहणं वेगळं आणि चढ चढणं वेगळं.

त्याच दिवशी अभिषेकाची घाई नको. हातपाय धुऊन दर्शन घे, कार्यालयात सोमवारच्या अभिषेकाची पावती कर आणि आराम कर. सकाळी लवकर गेलीस तर पर्यटकांच्या बसेस यायच्या आत तुझं शांतपणे होईल. संध्याकाळी सोमवारची पालखी बघूनच घरी जा.

मंत्र येत नाहीत याची काळजी सोड. मंत्र भटजी म्हणतील. तुला लागेल ते गाऱ्हाण्याच्या वेळी, म्हणजे भटजी घरच्यांची नावं घेऊन देवाला साकडं घालतात तेव्हा, आणि ते मी तुला माझ्यावरून सांगते. माझा अभिषेक झाला तेव्हा भटजींनी माझं नाव, गोत्र घेतलं आणि मग विचारलं, “घरांत आनी कोण कोण?” मी एकटी उभी होते. सांगायला लागले : नवरा मस्कतला, दोन मुलं तिथंच, भाऊ-भावजय मुंबईला, त्यांची मुलगी नुकतीच कॉलेजात गेलेली, धाकटी बहीण सावर्ड्याला, तिचे सासूसासरे. भटजींनी एकेक नाव देवापुढे घेतलं. कोण कुठल्या देशात आहे तेसुद्धा सांगितलं. मागे रांग थांबली होती, पण त्यांनी घाई केली नाही. बाहेर आले तेव्हा आदल्या दिवशीच्या त्या ‘सोबत कोण’ला काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला कळलं होतं.

म्हणून निघण्याआधी आईबरोबर फोनवर बसून नावांची यादी कर. काका, आत्या, दुबईचा भाऊ, सगळे घाल. ज्यांनी जाऊ नको म्हटलं त्यांची नावं आधी घाल. लिस्बनला तुझ्याबरोबर भांडी घासणारी, तुला अडीअडचणीला मदत केलेली कुणी असेल तर तीही घाल, मग ती कुठल्या का धर्माची असेना. आयत्या वेळी गळा दाटतो आणि नावं सुचत नाहीत, म्हणून कागदावरच लिही, मोबाइलवर नको.

आणि आईला सोमवारी सकाळी गाडी करून मंगेशीला आण. चालण्याचा नवस तुझ्या पायांनी फिटला, पण अभिषेकाच्या वेळी ती तिथं हवी. ओल्या पायऱ्यांवर तिचा हात धर, बसायला एक खुर्ची मागून घे, लाजू नकोस. भटजी शेवटी विचारतील, “नवस कोणाचो?” तेव्हा तू बोलू नकोस. ते नाव आईला घेऊ दे.