‘नुसता सायनस’ म्हणू नकोस

प्रिय बाळ,

ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाच्या वॉर्डात ड्युटी लागली म्हणून तू फोनवर हिरमुसली होतीस. “मावशी, सायनसच्या पेशंटमध्ये शिकायचं ते काय?” तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय.

तुझ्याकडं गुऱ्हाळावर धुरात राबणारी, पहाटे धारा काढणारी माणसं येतील. म्हणतील, “सिस्टर, दाढ ठणकते.” गालाच्या हाडातली सायनसची पोकळी वरच्या दाढांच्या मुळांना लागूनच असते, म्हणून आधी विचार, खाली वाकल्यावर दुखणं वाढतं का? आणि दुखायला लागून किती दिवस झाले, ते नक्की लिही. बहुतेकांचा सायनस विषाणूंमुळं होतो आणि आपसूक बरा होतो. दहा दिवस उलटूनही उतार नसेल, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा ताप चढला असेल, तर जिवाणूंची शंका येते. अँटिबायोटिक द्यायचं का, हे ठरवताना डॉक्टर तुझी ती ओळ बघतात.

नाक धुवायला पाणी उकळून गार केलेलंच हवं, पेल्याला अर्धा चमचा मीठ. चोंदलेलं नाक मोकळं करणारे मेडिकलमधले थेंब तीन ते पाच दिवसच. लोक महिना-महिना घालतात आणि मग थेंबांमुळंच नाक चोंदतं.

वाफेबद्दल मात्र माझं ऐक. नवीन होते तेव्हा एका आईला मी घाईघाईत “पोराला वाफ द्या” एवढंच सांगितलं. तिनं जमिनीवर पातेलं ठेवलं, वर चादर घेतली, पोरगं हललं. दुसऱ्या दिवशी ते मांडी भाजून आमच्याकडंच आलं. पातेल्याच्या कडेचा अर्धगोल त्या कातडीवर उमटला होता. वाफेनं तात्पुरतं बरं वाटतं, सायनस बरा होत नाही. लहान मुलाला पातेल्याची वाफ सांगूच नकोस.

आणि रात्रपाळीत टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास, घेताना चेहऱ्यावर उजेड पाड. एका डोळ्याची पापणी सुजलीय का, एकाचे दोन दिसतात का, मान ताठलीय का, बोलणं असंबद्ध होतंय का? यातलं काहीही असेल तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही, तेव्हाच डॉक्टरांना उठवायचं. साखरेचा पेशंट असेल तर गाल बधिर झालाय का तेही विचार, तोंड उघडायला लावून टाळू टॉर्चनं बघ. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसनं, त्या काळ्या बुरशीनं, कितीजणांचे डोळे नेले. टाळूवरचा काळा डाग तेव्हापासून मी कधी सोडला नाही.

डॉक्टर पेशंटजवळ पाच मिनिटं असतात बाळ, तू आठ तास असतेस.

रविवारी सुट्टी असली तर घरी ये. नाकातला स्प्रे मारायची पद्धत लिहून कळत नाही. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, टोक मधल्या पडद्याकडं नाही तर बाहेरच्या बाजूला. हातात बाटली देऊन दाखवते.

तुझी मावशी