डेस्कटॉप काढून टाकून फक्त टॅबलेटवर व्यवसाय चालवता येईल का?

महिन्यातील बरेच दिवस प्रवासात जातात, तेव्हा कार्यालयातील डेस्कटॉप विकून एका चांगल्या टॅबलेटवर सगळे काम भागेल का आणि भागणार असेल तर कोणता टॅबलेट घ्यावा, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे. टॅबलेट जरूर घ्यावा, डेस्कटॉप मात्र विकू नये. हाच प्रश्न आमच्या घरात दीर्घकाळ वादाचा विषय होता, म्हणून सविस्तर लिहिते.

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आमची कास्टिंगचे (ओतीव भागांचे) मशिनिंग करून देणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. हिशोब आणि डिस्पॅच माझ्याकडे आहे आणि ग्राहकांकडे जाण्याचे कामही बहुधा माझ्याकडेच येते. माझ्या थोरल्या दिरांचे म्हणणे असे होते की, टेबलावरचा डेस्कटॉप, त्याचा यूपीएस आणि दोन मॉनिटर म्हणजे अडकलेली जागा व पैसा असून फिरणाऱ्या माणसाला एक टॅबलेट पुरतो. भाऊजींचा व्यवहार चोख असतो, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला घरात वजन आहे. तरीही मी डेस्कटॉप हलू दिला नाही, आणि तो का हलू दिला नाही हे कोइंबतूरच्या एका दौऱ्यात सर्वांना दिसले.

तेथील एका पंप उत्पादकाकडे आमच्या मालातील काही जॉब ब्लो होलमुळे (ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळ्यांमुळे) नाकारले गेले होते. मी टॅबलेट हातात घेऊन थेट शॉपमध्ये उभी राहिले, प्रत्येक जॉबचा फोटो घेतला, ड्रॉइंगच्या पीडीएफवर पेनाने दोष कोठे आहे ते दाखवले आणि त्यांच्या गुणवत्ता विभागाशी नाकारलेल्या मालाचा आकडा तेथल्या तेथे ठरवला. हे काम लॅपटॉपवर इतक्या सहजतेने झाले नसते, कारण चालू मशीनशेजारी एका हातात लॅपटॉप धरून दुसऱ्या हाताने लिहिता येत नाही. वाटेत आमच्या दुसऱ्या एका मालाचा ट्रक बंद पडला, तेव्हा ई-वे बिलाच्या (मालवाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याच्या) भाग ‘ब’मध्ये नव्या गाडीचा क्रमांकही मी टॅबलेटवरूनच भरला. येथपर्यंत भाऊजींचे म्हणणे शंभर टक्के खरे होते.

परंतु तो दिवस 11 तारखेचा होता आणि जीएसटीआर-1, म्हणजे महिन्याच्या विक्रीचे जीएसटी विवरणपत्र, भरायचे राहिले होते; त्याची ती शेवटची तारीख असते. दुपारी कार्यालयातून आमच्या लेखनिकाचा फोन आला की, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधील महिन्याची विक्री आणि जीएसटीच्या पोर्टलवरील बेरीज जुळत नाही. हे विवरणपत्र वेळेत गेले नाही, तर आमची बिले 14 तारखेला तयार होणाऱ्या ग्राहकांच्या टू-बीमध्ये (खरेदीवरील कराची वजावट दाखवणाऱ्या जीएसटीआर-2बी या पत्रकात) दिसत नाहीत आणि मोठे ग्राहक तेवढी कराची रक्कम सरळ अडकवून ठेवतात. त्यामुळे उद्या पाहू म्हणण्याची सोय नव्हती. त्या कंपनीच्या पाहुण्यांच्या खोलीत बसून मी टॅबलेटवरून, इंटरनेटच्या जोडणीने, कार्यालयातील डेस्कटॉप उघडला, टॅलीतील विक्रीचे रजिस्टर आणि पोर्टल आलटून पालटून पाहिले आणि फरक सापडला. ई-इनव्हॉइसची, म्हणजे सरकारी प्रणालीत नोंदवलेली, बिले पोर्टलवर आपोआप येतात. टर्निंगचे भंगार मात्र आम्ही नोंदणी नसलेल्या व्यापाऱ्याला विकले होते, आणि अशी विक्री हाताने भरावी लागते. ती भरून बेरीज जुळवली. त्यानंतर लेखनिकाने माझ्यासमोर, म्हणजे फोनवर मी असताना, कपाटातून डीएससीचे (डिजिटल सहीचे) यूएसबी टोकन काढून डेस्कटॉपला लावले, पिन मी स्वतः टॅबलेटवरून टाकला आणि विवरणपत्र दाखल झाले.

डेस्कटॉप विकला असता तर यातले काहीच झाले नसते. कंपनी आणि एलएलपी यांना जीएसटीचे विवरणपत्र डीएससीनेच भरावे लागते. त्यासाठी टोकनचा ड्रायव्हर आणि सही करणारे सॉफ्टवेअर संगणकावर असावे लागते. अँड्रॉइड टॅबलेटवर किंवा आयपॅडवर ते चालत नाही. टॅलीचा मुख्य प्रोग्रामही विंडोजवरचा आहे. शिवाय एका मॉनिटरवर बँकेचे विवरण आणि दुसऱ्यावर खतावणी ठेवून, उजवीकडील अंकांच्या कळा वापरत ताळमेळ घालण्याचे जे काम डेस्कटॉपवर तासाभरात होते, ते अकरा इंची पडद्यावर करणे हा माणसाच्या डोळ्यांवर अन्याय आहे.

मग डेस्कटॉपऐवजी लॅपटॉपच का घेऊ नये, असा भाऊजींचा पुढचा मुद्दा होता. त्यालाही माझा विरोध आहे. माल जेथून बाहेर पडतो तेथेच हिशोब राहिला पाहिजे. मी लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरले, तर मागे गाडी भरून उभी असताना बिल कोणी आणि कशावर करायचे? आणि प्रवासात बॅग हरवली तर टॅबलेट दुसरा घेता येतो, कंपनीची पुस्तके तशी घेता येत नाहीत.

टॅबलेट कोणता, याबाबत माझा आग्रह कंपनीचा नाही. सिमकार्डाची सोय असलेला, दहा-अकरा इंचांचा कोणताही चांगला टॅबलेट चालेल. कीबोर्ड मात्र पाहून घ्यावा. टॅबलेटसाठी मिळणाऱ्या अनेक कीबोर्डांवर एस्केप आणि एफ-1 ते एफ-12 या कळाच नसतात, आणि टॅलीत विक्रीच्या नोंदीसाठी एफ-8, पैसे दिल्याच्या नोंदीसाठी एफ-5 लागतात.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आपला व्यवसाय एकट्याच्या मालकीचा असेल, तर विवरणपत्र मोबाइलवरील ओटीपीने भरता येते, त्यामुळे माझे डीएससीचे कारण आपल्याला लागू होणार नाही. टॅली भाड्याने क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरता येणाऱ्या दुसऱ्याच्या संगणकावर, ठेवण्याचा मार्गही आहे. दुरून जोडताना विंडोजचे स्वतःचे रिमोट डेस्कटॉप वापरल्यास कार्यालयातील संगणकाला लावलेले टोकन त्यात दिसत नाही. एनीडेस्कसारखे, समोरचा पडदा आहे तसा दाखवणारे सॉफ्टवेअर लागते. अशा वेळी आपण आणि लेखनिक एकाच पडद्यावर असतो, त्यामुळे त्याचे काम तेवढा वेळ थांबते. टोकन कायम लावून ठेवू नये आणि पिन कोणालाही सांगू नये, मग तो माणूस कितीही विश्वासाचा असो.

डेस्कटॉपचे स्लीप बंद करावे आणि वीज परत आल्यावर तो आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) करून घ्यावी, कारण यूपीएस थोडाच वेळ टिकतो. प्रवासाला निघण्यापूर्वी कार्यालयाचे वायफाय सोडून मोबाइलच्या इंटरनेटवरून जोडणी करून पाहावी, आणि एकदा डेस्कटॉप रीतसर बंद करून, त्याच्या विजेचे मुख्य बटण बंद-चालू करायला लावून, नंतर तो कोणी हात न लावता पुन्हा जोडला जातो का तेही तपासावे.