वाचक विचारतात : रोजच्या गाडीला ताकदीचा क्लच बसवायचा, तर कोणता?

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल गाडी आहे. मूळचा टॉर्क २५० न्यूटन मीटर होता, रिमॅपनंतर (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलल्यावर) तो ३५० झाला. आता चौथ्या गिअरला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी मात्र त्या मानाने सुटत नाही. दुकानदार थेट ‘स्टेज ३’ घ्या म्हणतो. गाडी रोज ट्रॅफिकमध्ये चालते. काय घ्यावं?

उत्तर : ‘स्टेज’ला, म्हणजे क्लचच्या ताकदीच्या पातळीला, कसलंही ठरलेलं माप नाही. एका कंपनीचा स्टेज २ दुसऱ्या कंपनीच्या स्टेज १ एवढाच निघू शकतो. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: हा सेट किती न्यूटन मीटर पेलतो, आणि तो आकडा क्रँकवरचा (इंजिनातून निघतानाचा) की चाकांवरचा? या दोन आकड्यांत साधारण १५ टक्क्यांचा फरक पडू शकतो, आणि नेमका तेवढ्यानेच अंदाज चुकतो. हॉर्सपॉवर इथे बाजूला ठेवा. क्लचला पेलावा लागतो तो टॉर्क, त्यामुळे टर्बो गाडीत क्लच आधी घसरतो तो टॉर्क कळसाला असतो तिथे, म्हणजे बहुतेक वेळा मधल्या आरपीएमला.

हिशेब सोपा आहे. घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेट इंजिनाच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब, लायनिंगची (क्लच प्लेटवरच्या घासणाऱ्या थराची) सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या यांचा गुणाकार करायचा. गुणांक ०.३, दाब ५,००० न्यूटन, त्रिज्या ९५ मिमी आणि बाजू दोन धरल्या, तर क्षमता २८५ न्यूटन मीटर येते. अशा क्लचवर २५० आरामात चालतात, ३५० चालत नाहीत. रोजच्या गाडीला कमाल टॉर्कपेक्षा २० ते ३० टक्के जास्त क्षमता पुरते, म्हणजे तुम्हाला ४२० ते ४५५. नुसत्या दाबाने तिथे पोचायचं तर दाब ७,७०० न्यूटनच्या आसपास न्यावा लागेल आणि पेडल चांगलंच जड होईल. तोच दाब ६,५०० ठेवून ०.३५ गुणांकाची लायनिंग घेतली, तर ४३२ मिळतात.

म्हणून आमची पसंती अशी: दणकट प्रेशर प्लेट आणि चांगल्या प्रतीची ऑरगॅनिक, पूर्ण वर्तुळाची, मध्यभागी स्प्रिंग असलेली क्लच प्लेट. केव्हलर टिकते खूप, पण नवी असताना ती हळूहळू रुळवावी लागते. एकदा जास्त तापून तिच्यावर काचेसारखी झिलई आली, की ती सहसा पूर्ववत होत नाही. रोजच्या हाफ क्लचच्या ट्रॅफिकला ती आम्ही सुचवणार नाही. सिरॅमिक उष्णता सहन करते, मात्र झटक्याने पकडते आणि फ्लायव्हील खाते. ७०० न्यूटन मीटरचा क्लच ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून घेऊ नका. पेडलचा त्रास रोज होईल, आणि आधी जो धक्का क्लच घसरून गिळत होता, तो आता गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्टवर जाईल.

पैसे खर्च करण्याआधी एक खात्री करा. क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल गळत असेल किंवा पेडलला फ्री प्ले (दाब लागण्याआधीची मोकळी चाल) उरला नसेल, तर धडधाकट क्लचही घसरतो. घसरण्याची चाचणी चौथ्या गिअरला २,००० आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन, मोकळ्या रस्त्यावर एकदाच करा. पुन्हा पुन्हा केलीत तर त्या चाचणीनेच प्लेट जळेल.

प्रश्न : सहा पकची (घासणारे सहा सुटे तुकडे असलेली) सिरॅमिक प्लेट टाकली. गाडी पकड मस्त घेते, पण पहिल्या गिअरला सुटताना आणि रिव्हर्स घेताना अख्खी गाडी थरथरते. बसवण्यात काही चुकलं का?

उत्तर : बहुधा नाही, त्या प्लेटचा स्वभावच तसा आहे. साध्या प्लेटमध्ये दोन लायनिंगच्या मध्ये लाटेसारखी वाकवलेली पातळ पत्र्याची पट्टी असते. पेडल सोडताना ती हळूहळू दबते, म्हणून पकड टप्प्याटप्प्याने येते. पकच्या बऱ्याच प्लेटमध्ये ही पट्टी नसते. पकडीचा टप्पा पेडलच्या काही मिलिमीटरमध्ये संपतो. तुमच्या प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगही नसतील, तर इंजिनाचा प्रत्येक ठोका थेट गिअरबॉक्सला जातो.

थरथर टाळायला बरेच जण आरपीएम वाढवून गाडी सोडतात. तिथेच घोटाळा होतो. सपाट रस्त्यावर गाडी सोडताना क्लचमध्ये तयार होणारी उष्णता साधारण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १,५०० ऐवजी ३,००० वर सोडलीत तर चौपट. कमी आरपीएमवर, पेडल पटकन पण एकदम न सोडता उचला. इंजिन माउंट सैल आहेत का, तेही पाहा. जुने माउंट ही थरथर दुप्पट जाणवून देतात. एवढं करूनही त्रास गेला नाही, तर तीच प्रेशर प्लेट ठेवून स्प्रिंगची ऑरगॅनिक प्लेट टाकता येते. पण तिचा गुणांक कमी असल्याने वरचा हिशेब नव्याने करा, आणि फ्लायव्हीलला पुन्हा फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट घासून) घ्या. सिरॅमिकने ओरखडे काढलेल्या पृष्ठभागावर नवी लायनिंग बसत नाही.

प्रश्न : ड्युअल मास (स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांचं) फ्लायव्हील काढून हलकं सिंगल मास टाकावं का? मित्र म्हणतो, इंजिन फिरायला मोकळं होतं.

उत्तर : होतं, खालच्या गिअरमध्ये ते लगेच जाणवतं. पण ड्युअल मासमधल्या स्प्रिंग इंजिनाची कंपनं गिअरबॉक्सपर्यंत पोचू देत नाहीत. ते काढलंत की न्यूट्रलला, पेडल वर असताना, गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येईल. तिने लगेच काही मोडतं असं नाही, तरी काहींना ती सहनच होत नाही. गाडी डिझेल असेल तर आमचं उत्तर सरळ ‘नको’ आहे.

सिंगल मास घ्यायचंच ठरवलंत, तर प्लेट मध्यभागी स्प्रिंग असलेलीच हवी. ड्युअल मासबरोबर येणाऱ्या प्लेटला बहुतेक वेळा स्प्रिंग नसते. तीच पुन्हा वापरली तर कंपनं शोषणारं काहीच उरत नाही. फार हलकं घेऊ नका, चढावर गाडी वारंवार बंद पडेल. मूळच्या ओतीव फ्लायव्हीलला लेथवर घासून हलकं करणं तर टाळाच. जास्त आरपीएमला ते फुटलं, तर तुकडे बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) फोडून बाहेर येतात. घडीव स्टीलचं घ्या.

प्रश्न : दणकट प्रेशर प्लेट बसवल्यापासून पाय दुखतो. ट्विन प्लेट हा उपाय आहे का?

उत्तर : आहे, पण तो शेवटचा. दोन प्लेट म्हणजे घासणाऱ्या बाजू चार, म्हणून तेवढ्याच दाबात क्षमता दुप्पट, किंवा तेवढीच क्षमता निम्म्या दाबात आणि पेडल हलकं. बदल्यात पेडल दाबल्यावर मधली प्लेट किणकिणते आणि सेट महाग पडतो. ४५० न्यूटन मीटरच्या खाली आम्ही त्या वाटेला जाणार नाही. आधी हायड्रॉलिक्स तपासा. मास्टर सिलिंडरचे सील गेले असतील किंवा फोर्कचा (क्लच सोडवणाऱ्या दांड्याचा) टेकू कोरडा पडला असेल, तर पेडल विनाकारण बिघडतं.

जड पेडलचा भार पायापुरता राहत नाही. पेडल दाबलेलं असताना तोच भार कितीतरी पटीने वाढून क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो आणि त्याला सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग झिजवतो. सिग्नलला गिअरमध्ये ठेवून पेडल दाबून बसू नका, न्यूट्रल करा.

प्रश्न : नवा क्लच बसवला. हायवेवर ८०० किमी चालवून रुळवून घेतला, तरी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला किंचित घसरतो.

उत्तर : हायवेचे किलोमीटर धरू नका, तिथे क्लच क्वचितच दाबला जातो. शहरात थांबत-निघत ५०० ते ८०० किमी, अर्ध्यापेक्षा जास्त अ‍ॅक्सिलरेटर न देता चालवा. तरीही घसरला तर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, आणि उतरवल्यावर या क्रमाने पाहा. लायनिंगवर तेल किंवा ग्रीस? स्प्लाइनला (गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस नखभर पातळ लागतं. जास्त झालं की फिरताना उडून थेट लायनिंगवर जातं. फ्लायव्हीलवर निळे डाग? ते कडक झालेले ठिपके असतात आणि हलक्या फेसिंगने जात नाहीत. फ्लायव्हीलला पायरी असेल, तर फेसिंग करताना पायरी आणि मुख्य पृष्ठभाग दोन्ही सारखेच कापले गेलेत का? पायरीची उंची चुकली की प्रेशर प्लेटचा दाब बदलतो.

प्रश्न : नव्या क्लचवर रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतो. प्लेट खराब?

उत्तर : प्लेट पूर्ण सुटत नाहीये. पहिला संशय हायड्रॉलिकमधल्या हवेचा, तेव्हा ब्लीडिंग करा, म्हणजे ती हवा काढा. दुसरा, गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर लटकू दिलं गेलं आणि प्लेट वाकली. बोल्ट घट्ट होईपर्यंत गिअरबॉक्स जॅकवरच हवा. तिसरा, जुनंच पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारं) अडकलेलं. चौथा, प्लेट उलटी बसली. ‘फ्लायव्हील बाजू’ असं तिच्यावर लिहिलेलं असतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम न आवळता, समोरासमोरचे एकेक फेरा देत आवळायचे, नाहीतर कव्हरच वाकतं. उपाय म्हणून पेडलची चाल मनाने वाढवू नका. डायफ्रॅम (प्रेशर प्लेटमधली चकतीसारखी स्प्रिंग) गरजेपेक्षा जास्त दाबली गेली तर तिची बोटं वाकतात. चाल कंपनीने दिलेल्या मापाला लावा आणि खाली पेडल स्टॉप बसवा.